ओडोमीटरवर न दिसणारं वय

(मुंबईच्या एका उपनगरातल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जुनी मोटरसायकल विकायला काढलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? "फक्त बावीस हजार चाललीये." घेणारा लगेच खूश. मी म्हणतो, गाडी मुंबईतली असेल तर हे वाक्य ऐकल्यावर जरा मागे सरका. बारा-पंधरा वर्षांत बावीस हजार, याचा अर्थ ती गाडी नुसती उभी होती. आणि आपल्या हवेत उभी राहिलेली गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. स्पोर्ट टूरर म्हणजे अंगावर फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं प्लास्टिकचं कवच असलेली, पण चालवणाऱ्याची कंबर न मोडणारी गाडी. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत चारेकशे किलोमीटर सुखाने काढता येतील अशी. आपल्याकडे या प्रकाराची गोडी लागली ती २००३च्या हीरो होंडा करिझ्मापासून. २२३ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर. २००९मध्ये तिचीच झेडएमआर आली, फ्युएल इंजेक्शनवाली. मग २०११मध्ये होंडाची सीबीआर २५० आर: २४९ सीसी, एकच सिलिंडर, डबल ओव्हरहेड कॅम, रेडिएटर, आणि जास्तीचे पैसे मोजले तर एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. २०२०मध्ये धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि तिचा इथला अवतार संपला. नीट तेल मिळालेलं इंजिन या गाड्यांमध्ये सहसा दगा देत नाही. दगा देतं ते इंजिनाभोवतीचं: रबर, नळ्यांतले द्रव आणि वायरींचे जोड. हे तिन्ही किलोमीटर मोजत नाहीत.

आता मुंबईचं गणित बघा. नावाला टूरर, पण सी लिंकवर तिला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुण्याच्या एक्सप्रेसवेवर बंदी. राहिलं काय? एलबीएस मार्ग. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी जागच्या जागी उभी असताना, मिनिटाला साधारण १,४०० फेरे मारतं. कुर्ल्याच्या कोंडीत अर्धा तास अडकलात, तर ४२,००० फेरे झाले आणि ओडोमीटर जागचा हलला नाही. मॅन्युअलमध्ये ऑइल बदलायचं जे अंतर दिलेलं असतं ते मोकळ्या रस्त्याचं असतं. रोज तीन-चार किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत गाडी नेणाऱ्याचं इंजिन तर धड तापतही नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळत राहतं. म्हणून माझा नियम: अंतर काहीही झालेलं असो, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा ऑइल बदलायचं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक लिहिलेलं हवं. यांचा क्लच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती क्लचमध्ये शिरली की क्लच घसरायला लागतो.

ब्रेक ऑइलवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरच्या दुरुस्तीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. झाकण घट्ट असलं तरी पितं, रबरी होजमधून पितं. ताज्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. साडेतीन-चार टक्के पाणी शिरलं की मानक त्याच्याकडून फक्त १५५ची अपेक्षा ठेवतं. जुन्या हायवेने बोर घाट उतरताना सतत ब्रेक धरला, तर कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीतलं, ते पाणी उकळतं, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकते. शहरात वर्षभर हे कळतच नाही, कारण शहरात ब्रेक तेवढा तापत नाही. म्हणजे ज्या दिवशी टूरर खऱ्या अर्थाने टूरर होते, नेमका त्याच दिवशी घोटाळा.

दर दोन वर्षांनी ऑइल बदला. आमच्यासारखं खाडीजवळ राहत असाल तर थोडं आधीच. काम सोपं आहे. कॅलिपरवर ऑइल बाहेर काढायचं छोटं तोंड असतं, ते ब्लीड निपल; त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. लिव्हर दाबा, निपल उघडा, निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. क्रम चुकला की हवा आत. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल रंगावर सांडलं तर नुसतं पुसू नका, भरपूर पाणी ओता, नाहीतर टँकचा रंग सोलून निघेल. आणि स्वस्तात मिळाला म्हणून अर्धा वापरलेला, कुणाच्या तरी कपाटात वर्षभर पडलेला डबा घेऊ नका. सील फुटल्या दिवसापासून त्याने ओल प्यायला सुरुवात केलेली असते.

रेडिएटरमधल्या कूलंटचंही तसंच. त्यातली गंज रोखणारी द्रव्यं काही वर्षांत संपतात, रंग हिरवागार राहिला तरी. नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर घ्या. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. पुढे जाऊ.

रबर. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण टायर सहा-सात वर्षांचा असतो, आणि पहिल्या पावसात पेडर रोडच्या उतारावर तो आपलं खरं वय सांगतो. पेट्रोलची नळी हाताने वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदला. हल्ली पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. या गाड्या निघाल्या तेव्हा त्यांची रबरं आणि सील त्या मिश्रणासाठी ठरवलेली नव्हती. शिवाय इथेनॉलही पाणी ओढून घेतं. कार्ब्युरेटरची गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर तळाचा स्क्रू ढिला करून त्याची वाटी रिकामी करा. बंद पडलेल्या निम्म्या करिझ्मांची तक्रार या एका वाटीतल्या चिकट पेट्रोलापाशी येऊन थांबते, असं माझं मत आहे.

वायरिंगबद्दल लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू करून रेस वाढवली की साधारण साडेतेरा ते साडेचौदा. वाढतच नसेल तर चार्जिंगची वाट कुठेतरी तुटली आहे. पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळायच्या आत बदला. पण नवा रेग्युलेटर आणायच्या आधी त्याचा कनेक्टर उघडून बघा. आत हिरवट पूड दिसेल. तांब्यावर खाऱ्या हवेचं हे काम. जोडाला रोध वाढला की तो तापतो, प्लास्टिक वितळतं आणि माणूस भलत्याच भागावर हजारो रुपये घालतो. काँटॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस. एका रविवारी फेअरिंग काढून सगळे कनेक्टर असे करून घ्या.

फेअरिंग काढलंच आहे तर एअर फिल्टरची पेटीही उघडा. हसू नका, पण मुंबईत तिथे उंदराचं घर सापडतं. आपली महापालिका रात्रीचे उंदीर मारायला माणसं नेमते, तरी आपल्या पार्किंगमध्ये त्यांचा कारभार चालूच आहे. प्लास्टिकचं कव्हर घालून गाडी भिंतीला टेकवली की उंदराला ऊब आणि गाडीला घाम. कव्हर घालायचंच असेल तर कापडी, हवा खेळेल असं.

आता बाजार. बंद झालेल्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून लोक रडतात. सगळ्या पार्टांसाठी कंपनीकडे जायची गरजच नसते. चाकाचं बेअरिंग काढा, धुवा, त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०३. शेवटचे दोन आकडे भोकाचं माप सांगतात: ०२ म्हणजे १५ मिलिमीटर, ०३ म्हणजे १७, आणि ०४पासून पुढे पाचाने गुणायचं, म्हणजे ०४ला २०. पुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील. आपल्या पाण्यात तेच घ्यायचं. हा नंबर जगभर एकच. मशीद बंदरला उतरायचं, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगायचा, दोन मिनिटांत काम होतं. ऑइल सीलवरही तीन मापं असतात: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. नागदेवीचा दुकानदार "गाडी कुठली?" असं विचारत नाही, माप विचारतो. आधी मोजून जा, नाहीतर तो तुम्हाला उभंही करणार नाही. फेअरिंगचे तुकडे, आरसे, लिव्हर यांसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारा. ब्रेक पॅड आणि चेन मात्र तिथून घेऊ नका, कितीही भाव पाडला तरी.

हत्यारांपैकी एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्सचे नसतात, 'जेआयएस' मापाचे असतात. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच खूण. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू गोल झालेली गाडी पाहिली की समजायचं, इथे कुणीतरी फिलिप्स चालवलाय. आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट घट्ट करताना मनगटावर विश्वास ठेवू नका, टॉर्क पाना घ्या. ड्रेन बोल्टचे आटे गेले की रविवार गेला.

(श्रोत्यांतून प्रश्न: चेन रॉकेलने धुतली तर चालते का?)

चालते. रॉकेल मिळेनासं झालंय, डिझेलही चालेल. पेट्रोल नको, तारेचा ब्रश नको. दुव्यांमधल्या रबरी ओ-रिंगा जातात. वर नव्वद नंबरचं गिअर ऑइल. पण चाक हाताने फिरवा. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहतो. बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं तर ते परत मिळत नाही.

(प्रश्न: सोसायटीत हे सगळं करू देतात?)

सेक्रेटरी करू देतात, डाग करू देत नाहीत. खाली जुनं फ्लेक्स अंथरा. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि आपली गटारं खाडीला जातात. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. ते गोळा करणारे त्याच्याकडे येतात. आणि खाली बसून करायच्या कामांनाही मर्यादा आहे. फोर्क उघडणं, स्टिअरिंगच्या मानेतली बेअरिंगं बसवणं, एबीएसच्या युनिटला हात लावणं, हे प्रेस आणि योग्य यंत्रं असलेल्या माणसाकडे न्या. पावसात गाडी बुडाली तर स्टार्टर मारू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा पाणी ओसरल्यावर "चालू होतेय का बघू" म्हणून बटण दाबणाऱ्यांनी सिलिंडरमध्ये पाणी असताना कनेक्टिंग रॉड वाकवून घेतले. आधी प्लग काढायचा, मग इंजिन फिरवायचं, पाणी बाहेर उडवायचं, ऑइल बदलायचं.

(प्रश्न: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच ना?)

नाही हो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पण तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू हवी. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ज्या आरटीओची नोंदणी असेल तिथे न्यायची. जायच्या आदल्या दिवशी एक काम करा. चेसिस नंबर स्टिअरिंगच्या मानेवर कोरलेला असतो, वायरींच्या मागे, आणि पंधरा पावसाळ्यांनंतर त्यावर गंज चढलेला असतो. इन्स्पेक्टरला तो वाचता आला पाहिजे, त्याचा पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासा. सॅंडपेपर लावू नका. आकडा पुसट झाला की नंबर खोडलाय असा संशय येतो, आणि मग कागदपत्रं दाखवत त्या खिडकीवरून या खिडकीवर फिरावं लागतं.