अण्णासाहेब कर्वे यांचा संसार

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थांविषयी आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो आहोत. आज मी प्रामुख्याने त्यांच्या घराविषयी बोलणार आहे, कारण त्या संस्थांचा मोठा भार त्या घराने वाहिला, आणि जयंतीच्या भाषणांत या भागाची बोळवण बहुधा ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढ्या एका वाक्यात होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी जातो आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवले जाते, ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून ती मी पुन्हा सांगत नाही. १८५८ साली जन्मलेले अण्णा १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले, मुंबईत शाळा आणि खाजगी शिकवण्या करत राहिले आणि १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

तिशीतल्या बिजवराने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न लावून मोकळे व्हावे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. लग्न करायचे तर विधवेशीच, असे अण्णांनी ठरवले आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा विवाह गोदूबाईंशी झाला. गोदूबाई अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाई पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि घरादारात, पुढे साऱ्या महाराष्ट्रात, बाया म्हणून ओळखल्या गेल्या.

मुरूडने या दांपत्याला वाळीत टाकले. बहिष्काराचा खरा जाच ज्यांनी काहीच केलेले नसते त्यांना होतो. पुण्यात अण्णांना नोकरी होती, मित्र होते. मुरूडला मात्र त्यांच्या आईला आणि भावाला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचे होते, आणि लेकाशी उघड संबंध ठेवला तर तेही वाळीत पडणार होते.

१८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि येथून या संसारातला सर्वात अवघड पेच सुरू झाला. लोकांनी आपल्या विधवा लेकी-सुना शिकायला पाठवाव्यात, असे वाटत असेल तर आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करता कामा नये, हे अण्णांना व्यवहार म्हणून पटले होते. त्यांनी ती मर्यादा काटेकोर पाळली आणि पुनर्विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले. पण संस्थापकाची स्वतःची पत्नीच पुनर्विवाहित होती. ज्या कामाची तिला सर्वात जास्त ओढ होती, त्या कामात तिचा वावर हीच संस्थेची अडचण ठरू लागली. अण्णांचा निर्णय संस्थेच्या दृष्टीने बरोबर होता, असे मला वाटते. त्यामुळे बायांवर झालेला अन्याय मात्र कमी होत नाही.

पैशाचेही तसेच. अण्णांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली आणि पुढे पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. पदरात लहान मुले असलेल्या गृहिणीने यावर मुलांचे काय, असे विचारले तर तिला कोत्या मनाची ठरवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. बाया भांडल्या, चिडल्या आणि नंतर मार्ग काढायला निघाल्या. नागपूरला जाऊन त्या सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. नवऱ्याची मिळकत संस्थेची असेल तर घराला आपला हात हवा, हा सरळ हिशेब होता. पुढे आश्रमासाठी त्यांनी स्वतःही वर्गण्या गोळा केल्या. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे कोणतीही सारवासारव न करता लिहिले आहे, आणि माझ्या मते अण्णांना ओळखायचे तर त्यांच्या ‘आत्मवृत्ता’च्या शेजारी ते ठेवूनच वाचले पाहिजे.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर, एका साध्या झोपडीत गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याची वाट पायी तुडवायची, मग ती पावसाळ्यात चिखलाने भरलेली का असेना, हा अण्णांचा क्रम होता. बायांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच कामात ओढली गेली. स्वयंपाकघरापासून सुरुवात केलेल्या पार्वतीबाई आश्रमाच्या निधीसाठी देशभर हिंडल्या आणि पुढे जवळजवळ इंग्रजी येत नसताना अमेरिकेत जाऊन, लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. परदेशात पहिली काही वर्षे काढलेल्या आपल्यापैकी अनेकांना यातले धैर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

महिला विद्यापीठाची कथा मी थोडक्यात आटोपतो. जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये मातृभाषेतून शिकवणारे विद्यापीठ सुरूही केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने ते स्थिरावले. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ पासून, अण्णा युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका असे विद्यापीठासाठी फिरले. मोठे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. एवढी भाषणे ऐकवणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांनी याची जरूर नोंद घ्यावी.

मुलांनी वडिलांचा कित्ता गिरवला नाही, हे मला या घराचे मोठेपण वाटते. रघुनाथरावांनी संततिनियमनाचा प्रचार केला, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मरेपर्यंत चालवले. शंकरराव डॉक्टर होऊन मोंबासाला स्थायिक झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाईंनी लिहिले आहे की अशा माणसाची सून होणे हे भाग्य, आणि त्याची बायको नसणे हे त्याहून मोठे भाग्य. हा विनोद आहे, पण तो घरातल्या माणसाचा आहे.

बाया १९५० मध्ये गेल्या. अण्णांना भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

शेवटी कार्यकारिणीला एक सूचना. आज व्यासपीठावर अण्णांची एकट्याची तसबीर आहे. पुढच्या वर्षी हार तीन आणावेत आणि बाया व पार्वतीबाई यांच्या तसबिरीही येथे असाव्यात. त्या मिळवून देण्याची जबाबदारी मी घेतो.