तळ्यातली जळू

श्रोतेहो, नमस्कार.

म्हैस तळ्यात मनसोक्त डुंबून बाहेर आली की कधीकधी तिच्या कासेजवळ एखादी काळपट-हिरवी जळू चिकटलेली दिसते. आपण ती काढून फेकतो आणि ओळख तिथंच संपवतो. मला ती पुढं न्यायची आहे.

काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी घेऊन तिला सोडून बघा. दोन्ही टोकांना चूषक, म्हणजे चिकटायच्या वाट्या. पुढचा टेकवायचा, पाठीची कमान करून मागचा जवळ ओढायचा, पुन्हा अंग ताणायचं. मग अचानक ती चपटी होते आणि फितीसारखी लहरत पोहू लागते. पाण्यात बोट हलवलंत की लगेच सावध! लाट आली म्हणजे जनावर आलं, एवढं तिला पक्कं ठाऊक.

तिला तीन जबडे असतात, म्हणून चावा तीन फाट्यांचा उमटतो. तो सहसा कळतही नाही. ती गळून पडल्यावरही रक्त बराच वेळ झिरपतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. लाळेचा हा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखवला. (अंगाला चिकटली तर मीठ टाकू नका, ती जखमेतच ओकते; नखानं चूषकाची कड हळूच उचला.) एका जेवणात ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते, पोटातल्या पिशव्यांत साठवते आणि मग महिनोन् महिने काही खात नाही. एवढा धीर मला दुसऱ्या कुठल्या जिवात दिसलेला नाही.

सगळ्याच जळवा रक्तपित्या नसतात. काही गोगलगाईंवर जगतात, काही अळ्या अख्ख्या गिळतात, तर काही पोटाखाली पिल्लं घेऊन फिरतात.

सुश्रुतानं जळवांचे १२ प्रकार सांगितले: ६ विषारी, ६ बिनविषारी. ओल्या चामड्यानं पकडाव्यात, नव्या घड्यात तळ्याचं पाणी नि चिखल घालून ठेवाव्यात, असं तो लिहितो. बघा, चिखलसुद्धा विसरला नाही!

आणि त्या चिखलाचं, ओल्या मातीचं मोल खरंच मोठं आहे. प्रत्येक जळू नरही असते आणि मादीही. तरी जोडी लागतेच. अंडी घालायला आपली गुरांची जळू पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत येते. अंगाभोवती फेसाळ कडं तयार करते आणि त्यातून मागं सरत डोकं अलगद सोडवून घेते. मागं उरतो स्पंजासारखा हलका कोष. त्यातून निघणारी पिल्लं म्हणजे हुबेहूब इवल्या जळवाच.

काठ सिमेंटनं बांधला की ही माती जाते. म्हणून माझं मागणं एवढंच: तळ्याची एक तरी बाजू कच्ची राहू द्या.