टॅपेट आधी, इंजिन मग

मंडळी, जुन्या जीपचा विषय निघाला की बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेट्रोल इंजिन काढून डिझेल घालू का?" त्याला माझा उलट प्रश्न असतो, एक्झॉस्टचे टॅपेट, म्हणजे धूर बाहेर सोडणारे वॉल्व उचलणारे भाग, त्यांची फट शेवटची कधी लावली होती? याचं उत्तर सहसा मिळत नाही.

आज मी जीपचं सीजे-३बी हे मॉडेल धरून बोलतो, कारण आपल्या भागात गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या दिसतात त्या बहुतेक ह्याच. विलीजने ती अमेरिकेत १९५३ साली आणली, आपल्याकडे महिंद्राने बनवली. तिचं बॉनेट उंच आहे ते दिसण्यासाठी नव्हे. आतलं २,१९९ सीसीचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच आहे, कारण त्याचे इनटेक वॉल्व (हवा-पेट्रोल आत घेणारे) वर हेडमध्ये बसतात आणि एक्झॉस्ट वॉल्व ब्लॉकमध्येच बाजूला राहतात. घोळ होतो तो इथेच. वरचं झाकण चार मिनिटांत निघतं, म्हणून मिस्त्री इनटेकचे टॅपेट लावतो. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बगलेला, मॅनिफोल्डच्या (धूर नेणाऱ्या नळ्यांच्या) आड असतात. तिथे हात घालायचा कंटाळा, मग ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. टॅपेट आणि वॉल्वमधली गॅप मिटते, वॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही, कडेने जळतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) पडतं. मालक म्हणतो, "पेट्रोल इंजिनला दम नाही."

थंड इंजिनावर इनटेकची गॅप ०.०१८ इंच, एक्झॉस्टची ०.०१६. दोन्हीकडे मोजायची एकच पट्टी फिरवू नका. कॉन्टॅक्ट पॉइंटची गॅप ०.०२० इंच, प्लगची ०.०३०, ठिणगीचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) आधी ५ अंश, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. हे झालं की इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांत आपापसात १० पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त फरक असेल, तर कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. नाही चढला तर वॉल्वचा, आणि वॉल्व-सीटचं काम इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होण्यासारखं आहे, त्यासाठी इंजिन बदलावं लागत नाही.

आजच्या पेट्रोलचं एक सांगतो. २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. फ्युएल पंपाचा डायाफ्राम आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते.

आता डिझेल. वडापच्या (माणसं भरून भाड्याने नेण्याच्या) काळात ज्यांनी इंजिन बदललं त्यांना मी नावं ठेवणार नाही. रोज दीड-दोनशे किलोमीटर आणि मागे बारा माणसं असताना पेट्रोल परवडतच नव्हतं. पण तुमची जीप वर्षाला हजार किलोमीटर फिरणार. पेट्रोलवर लिटरला ८ किलोमीटर धरा, डिझेलवर १२. वर्षाकाठी वाचतात साधारण ४० लिटर. तेवढ्यासाठी काय काय हलतं ते पाहा.

ह्या जीपच्या क्राउन-पिनियनचं (अॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचं) गुणोत्तर ५.३८ आहे आणि टॉप गिअर सरळ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३८ फेरे. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२९ मीटर जातो. म्हणजे ताशी ६० ला इंजिन मिनिटाला साधारण २,३५० फेरे घेतं, ८० ला ३,१००च्या वर. हरिकेनला हे चालतं, त्याची ७२ अश्वशक्ती ४,००० फेऱ्यांवर येते. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल घातलंत तर त्याचा गव्हर्नर (फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) त्याआधीच अडवतो, आणि निपाणीच्या हायवेवर गाडी केविलवाणी बोंबलत राहते. मग मोठे टायर येतात, ते मडगार्डला घासतात, म्हणून पाट्या लटकवणारे शॅकल लांब होतात, त्याने पुढचा ३ अंशांचा कॅस्टर (चाक वळण्याच्या खुंटीचा मागचा कल) बिघडतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. कोणी शहाणा मागचं क्राउन-पिनियन बदलतो आणि पुढचं ५.३८ तसंच ठेवतो. टू-व्हीलमध्ये कळत नाही. कणकुंबीच्या पावसात फोर-व्हील टाकून पक्क्या रस्त्यावर आलात की पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि पहिला बळी ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा). बदलायचंच असेल तर पुढचं-मागचं दोन्ही हौसिंग (अॅक्सल) एकाच गुणोत्तराची करा, नाहीतर दोन्हींना हात लावू नका.

थरथरीचं आणखी थोडं. पॉवर स्टिअरिंग घातल्याने ती जात नाही, फक्त हाताला जाणवत नाही. आधी किंगपिनचे (चाक वळण्याच्या खुंटीचे) बेअरिंग पाहा, ढिले असतील तर शिम (पातळ चकत्या) काढून ताण द्या. मग बेलक्रँक (स्टिअरिंगचा मधला सांधा), मग पाट्यांचे बुश. टो-इन (पुढची चाकं समोरून आत झुकणं) ३/६४ ते ३/३२ इंच.

मात्र एका जागी "ओरिजिनल"चा हट्ट मला पटत नाही, आणि ती जागा म्हणजे ब्रेक. ९ इंची ड्रम, एकच सर्किट. चोर्ला घाटात एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर घाला, बोअर (आतला व्यास) १ इंचाचाच ठेवा. तो वाढवला तर पॅडल दगड होतं. मूळ मास्टर पायाखालच्या फळीखाली, चासीवर बसतो. पुढे डिस्क लावणार असाल तर लक्षात घ्या, मास्टर कॅलिपरपेक्षा (डिस्क दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली राहिला की तेल मागे उतरतं आणि पहिलं पॅडल पोकळ जातं. डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल वॉल्व (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) हवा, ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा. अदलाबदल झाली तर डिस्क घासत राहून तापते.

वीज बनवणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर घालायला माझी हरकत नाही, तो परत काढता येतो. पण डॅशवरच्या अँपिअर मीटरमधून गाडीचा सगळा करंट जातो, आणि ३० अँपिअरच्या मीटरमधून ५०-६० चा अल्टरनेटर चालवला की धूर डॅशमागून निघतो. मीटर बायपास करा, व्होल्टमीटर लावा. ६ व्होल्टची गाडी १२ वर नेताना जुनी वायरिंग, शाबूत असेल तर, चालते, ती जाडच असते. बल्ब आणि कॉइल बदला, फ्युएल गेजला व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर द्या.

कागदांचं शेवटी सांगतो, पण काम सुरू करण्याआधी पाहायचे ते तेच. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या जीपच्या कागदांत तीन राज्यं सापडू शकतात: १९५६ पर्यंत मुंबई, मग म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही. २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांवरची खासगी गाडीच बसते, तीही चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नसलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. शनिवारच्या बाजाराला जीप न्यायची असेल तर ह्या वाटेला जाऊ नका. जुन्या ट्रकवाल्यांना तर ही वाट उघडीच नाही, व्यावसायिक वाहन त्यात धरलेलं नाही.

काढलेला मास्टर, डायनॅमो, त्याचा कटआउट (स्विच) भंगारात घालू नका. ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून ठेवा, आणि चिठ्ठीवर गाडीचा चासी नंबर लिहा.