हल्ली मुक्काम

(दृश्य: घडीवर फाटलेला शाळेचा दाखला. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.)

हा माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. शाई विटून तपकिरी झालीय, पण जन्मगावाची ओळ अजून वाचता येते. ‘मु. कुंडल, संस्थान औंध.’

या एका ओळीच्या भरवशावर मी औंधला गेलो. तालुका खटाव, जिल्हा सातारा. यमाईचा डोंगर चढलो, संग्रहालय पाहिलं, आणि खाली येऊन विचारायला लागलो, की कुंडल नावाची वाडी कुठल्या बाजूला आहे? पारावरचे एक म्हातारबाबा माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, “कुंडलचं पावणं व्हय? आवो, ते सांगलीकडं. हिकडं कशाला आला?”

(दृश्य: रस्ता, ऊस, द्राक्षबागा. कुंडल गावाची पाटी.)

‘संस्थान औंध’ म्हणजे औंधच्या आसपासचं गाव, असं मी धरून चाललो होतो. संस्थानं तशी सलग नव्हतीच. गोधडीला कुठंही ठिगळ असावं, तशी ती नकाशावर विखुरलेली होती. पंतप्रतिनिधी घराण्याचं औंध संस्थान उणंपुरं 72 गावांचं. त्याचे तालुके चार: औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ. यातलं गुणदाळ तर पार विजापूरकडं. मधे सगळीकडं इंग्रजी मुलूख, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी संस्थानाची हद्द. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली तीही औंधच्याच हद्दीत, कुंडलच्या शेजारी.

आता कुंडलचा पत्ता बघा. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ‘संस्थान औंध’ हे शब्द कागदावरून गेले. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. कुंडल दक्षिणेत. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्याच वर्षी मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला. तालुका पूर्वी तासगाव, आता पलूस. एवढ्या सगळ्यात गावातली एक वीटसुद्धा इकडची तिकडं झालेली नाही.

जाता जाता एक. ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ आपण शाळेत शिकलो. पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि चळवळीचं मोठं ठाणं असलेलं कुंडलही. त्या काळी तो मुलूख साताऱ्याचाच मानला जाई, म्हणून नाव साताऱ्याचं. पुढं 1957 च्या निवडणुकीत नाना पाटील लोकसभेवर गेले, ते उत्तर साताऱ्यातून. आजच्या नकाशावर बोट ठेवून हा इतिहास वाचायला गेलात, तर गोंधळ ठरलेलाच.

(दृश्य: सांगलीचा गणपती. मग बेळगावातल्या शहापूरची गल्ली.)

आणि हा घोळ औंधपुरता नाही. खुद्द सांगली संस्थानाचे तालुके ऐका: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात. तेरदाळ आणि शिरहट्टी कर्नाटकात. आणि शहापूर म्हणजे बेळगावचं शहापूर, बेळगावला खेटून, आज तर शहराच्या पोटातच. म्हणजे खापरपणजोबांच्या कागदावर ‘संस्थान सांगली’ आहे म्हणून तुम्ही सांगलीत हेलपाटे घालत असाल, आणि त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात सांगली पाहिलीही नसेल. शहापूरच्या घराचा उंबरा न ओलांडता माणूस आधी सांगली संस्थानात, मग मुंबई प्रांतात, 1956 नंतर म्हैसूर राज्यात आणि 1973 नंतर कर्नाटकात राहिला. 2014 पासून त्याच्या शहराचं सरकारी नावही बेळगावी झालं.

त्यात मिरजेची गंमत निराळीच. ‘मिरजप्रांत’ हा तालुका सांगली संस्थानाचा, पण मिरज शहर त्यात नाही. शहर मिरज थोरल्या पातीचं, म्हणजे पटवर्धन घराण्याच्या थोरल्या शाखेच्या संस्थानाचं. धाकट्या पातीची गादी बुधगावला. पटवर्धनांच्या घरच्या वाटण्या कुठल्या पिढीत कशा झाल्या, हे ठाऊक नसेल, तर मिरजेच्या माणसाचं दप्तर कुणाकडं शोधायचं हेच कळत नाही.

(दृश्य: तहसील कार्यालय. रेकॉर्ड रूममधले लाल फडक्यात बांधलेले रुमाल.)

हे सगळं हौसेपुरतं असतं, तर चाललं असतं. पण आपल्याकडं घराण्याचा इतिहास बऱ्याच जणांना हौसेनं नाही, जात पडताळणीसाठी शोधावा लागतो. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा हवा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. तारखा नीट बघा. नेमका हाच काळ जिल्ह्यांची आणि राज्यांची नावं बदलण्याचा.

आजोबांच्या धाकट्या भावाचा जन्मनोंदीचा उतारा माझ्याकडं आहे. मूळ नोंदीत ‘जि. द. सातारा’. त्यातला ‘द.’ इतका बारीक, की नक्कल करणाऱ्यानं तो शाईचा डाग समजून सोडून दिला. नकलेत नुसतं ‘सातारा’ राहिलं. एका कार्यालयानं सांगितलं, तुमचं गाव आमच्याकडं नाही, साताऱ्याला जा. साताऱ्याहून उत्तर आलं, गाव सांगलीत. एका अक्षरापायी आमच्या चुलत्यांचे सात महिने गेले. जुनी नक्कल हातात आली की मूळ पानाचा फोटोही मागायचा, हा धडा मी तिथं घेतला.

गावांची नावंही कमी दगा देत नाहीत. खानापूर म्हटलं, तर एक सांगली जिल्ह्यातला तालुका, ज्याचं ठाणं विट्याला. दुसरा बेळगावकडचा. सांगलीतही खानापूर गाव वेगळं आणि तालुका वेगळा. वाळव्याचं तसंच. वाळवा तालुक्याचं मुख्य ठाणं इस्लामपूर, त्याला आता ईश्वरपूर म्हणायचं, आणि वाळवा नावाचं गाव आणखी तिसरीकडं. त्यात खुर्द आणि बुद्रुक. जुन्या कागदावर त्यांचं नुसतं ‘खु॥’ आणि ‘बु॥’ केलेलं असतं, आणि मोडी वाचणारा घाईत असेल, तर धाकटं गाव थोरलं व्हायला वेळ लागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळं नाव डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्यानं उच्चारून बघितलेलं बरं. आमच्या आत्यानं असंच ऐकून एक गाव ओळखलं होतं, जे दोन जाणकारांना वाचता आलं नव्हतं.

(दृश्य: नाशिक. रामकुंड. गुरुजींच्या घरातली कपाटं, लांबट वह्या.)

शेवटी मी नाशिकला गेलो, तीर्थोपाध्यायांकडं. इथल्या नामावळीच्या वह्यांत यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातानं नावं लिहून ठेवलीत. मी सवयीनं सुरुवात केली, “जिल्हा सांगली, तालुका पलूस...” गुरुजींनी हात वर केला. “ते राहू द्या. आडनाव काय? मूळ गाव?”

कुंडल, म्हटलं.

ते आत गेले आणि थोड्या वेळानं एक वही घेऊन आले. पानं उलटत एका जागी थांबले. मोडीतली पाच ओळींची नोंद. शके 1839, म्हणजे 1917. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, दोन भावांचं, आणि खाली ‘राहणार कुंडल’. जिल्हा नाही, संस्थान नाही, कुणाची हद्दही नाही.

“आता तुम्ही लिहा,” म्हणत त्यांनी पेन पुढं केलं.

आजोबांचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, माझं, मुलीचं. गावाच्या रकान्याशी हात अडला. माझा जन्म डोंबिवलीचा. कुंडलला आमचं घर उरलेलं नाही, एक पडकी भिंत तेवढी आहे. गुरुजींना अशा लोकांची सवय असावी. न विचारता म्हणाले, “दोन्ही लिहा. आधी मूळ गाव, मग हल्ली मुक्काम.”

(दृश्य: कोरी ओळ. पेनाचं टोक. अक्षरं उमटतात: ‘कुंडल. हल्ली मुक्काम डोंबिवली.’)