खर्जापासून टाळांपर्यंत: इन-इअर हेडफोन निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

काळी एकमध्ये लावलेला तंबोरा मनात आणा. जोडाच्या तारा 138.6 हर्ट्झवर आणि खर्ज बरोबर निम्म्यावर, 69.3 हर्ट्झवर. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा सूर, साधारण 346 हर्ट्झ. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी झणझण, चांगली उघडलेली असेल, तर स्वरांशांची ही रांग पुढे कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते. महागड्या इन-इअर हेडफोनची पारख करायला याहून चांगलं वाद्य शोधून सापडणार नाही. खर्ज जड झाला तर गंधार बुडतो, वरचा भाग टोकदार झाला तर जवारीचा पत्रा वाजू लागतो आणि मधला भाग मागे गेला तर तंबोरा गायकापासून दहा फूट लांब ठेवल्यासारखा वाटतो.

आज बोलायचं आहे ते अशाच, कानाच्या नळीत बसणाऱ्या वरच्या दर्जाच्या हेडफोनांबद्दल. कुठल्या संगीताला कुठला जुळतो आणि का, एवढाच विषय. सुरुवातीलाच सांगतो, सगळ्या संगीताला सारखाच शोभेल असा इन-इअर शोधण्यात पैसे फार जातात. आपण आठवड्यातले सर्वाधिक तास काय ऐकतो, ते आधी कागदावर लिहा. निवड तिथून सुरू होते.

ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत हे तुमचं मुख्य ऐकणं असेल, तर महत्त्वाचा पट्टा आहे साधारण 130 ते 4000 हर्ट्झ. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज 208 हर्ट्झच्या आसपास असतो. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आजूबाजूला, आणि मनगटाच्या दाबाने तो वर सरकतो. साठ हर्ट्झच्या खाली या संगीतात जवळजवळ काहीच नाही. तिथे असते ती मंचावरची धपधप, वातानुकूलन यंत्राची घरघर आणि विजेची गुणगुण. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. जुन्या खासगी बैठकीच्या ध्वनिमुद्रणात ही गुणगुण हमखास असते, आणि बेस फुगवलेला इन-इअर नेमकी तीच मोठी करून दाखवतो. ऐकणाऱ्याला वाटतं ध्वनिमुद्रण वाईट आहे. प्रत्यक्षात चार-पाच डेसिबलचा दोष हेडफोनचा असतो.

अशा ऐकण्यासाठी एटिमॉटिकचा ईआर-4 एसआर अजूनही मानाने पुढे आहे. मूळ ईआर-4 आला 1991 साली. त्यात एकच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असतो, म्हणजे आवाज निर्माण करणारा चिमुकला भाग, श्रवणयंत्रात वापरतात त्या जातीचा. बेस सपाट, मधला भाग स्वच्छ, आवाजाच्या कडा स्पष्ट. सारंगी आणि गळा एकाच स्वरावर असतानाही दोन्ही वेगळे कळतात. अडचण एकच, पण मोठी: तीन कडांची टिप, म्हणजे टोकावरची मऊ टोपी, कानात खूप आत घालावी लागते आणि अनेकांना ते सोसत नाही. सोसत नसेल तर हट्ट करू नका, कारण अर्धवट घातलेला ईआर-4 पातळ आणि कर्कश वाजतो. 2016 मध्ये याचा एक्सआर हा भाऊ आला. त्याचा बेस थोडा वर आहे, आणि तबला जास्त आवडणाऱ्यांनी तोच घ्यावा.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. इलेक्ट्रॉनिक संगीत, हिपहॉप, आजचं चित्रपटसंगीत. इथे 30 ते 60 हर्ट्झचा पट्टा हाच पाया असतो. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वात खालची तार 30.9 हर्ट्झवर असते. हे वाजवायला मोठ्या हालचालीचा डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे लाउडस्पीकरसारखा पडदा असलेला, सहसा सोपा जातो, पण आकारावर जाऊ नका. सेनहायझरच्या 2021 सालच्या आयई 900 मध्ये अवघा 7 मिलिमीटरचा एक ड्रायव्हर आहे. अॅल्युमिनियमच्या आवरणातच तीन छोट्या पोकळ्या कोरून त्याचा वरचा भाग साधला आहे. बेस खोल आणि भरदार, झांजांची चमक भरपूर. गाणाऱ्याचा आवाज मात्र किंचित मागे बसतो, म्हणून ख्यालाला तो माझी पहिली पसंती नाही. तुमच्याकडे तोच असेल तर इक्वलायझरमध्ये 105 हर्ट्झला लो-शेल्फ लावून, म्हणजे त्याखालचा सगळा पट्टा, 4 डेसिबल उतरवा. गळा पुढे येतो.

शुअरच्या एसई 846 ने वेगळा मार्ग घेतला. त्यात चार बॅलन्स्ड आर्मेचर आहेत, आणि खालच्या ड्रायव्हरचा आवाज दहा स्टीलच्या पातळ पत्र्यांमधून कोरलेल्या लांब वाटेने फिरवून आणतात. त्या वाटेत वरच्या वारंवारता गळतात आणि खोल बेस शिल्लक राहतो. स्वभाव उबदार, वरची टोकं मऊ. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं जुनं गाणं यावर सुसह्य होतं, कारण तबकडीची खरखर वरच्या पट्ट्यात असते आणि तो पट्टा इथे नरम आहे. सिंफनी ऐकणाऱ्याला मात्र व्हायोलिनभोवतीची हवा कमी वाटेल. हेडफोनच्या नळीतले फिल्टर बदलता येतात. ब्राइट फिल्टर लावून पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

मेटल ऐकणाऱ्यांसाठी एक हिशेब. 200 बीट प्रतिमिनिट लयीत पायाने वाजणाऱ्या ड्रमच्या दुहेरी पेडलवर चौपट वाजलं, तर सेकंदाला तेरा ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर 75 मिलिसेकंद. 100 ते 250 हर्ट्झचा भाग फुगलेला असेल तर हे ठोके एकमेकांत मिसळून नुसती भिंत उभी राहते. दुकानात ज्याला ‘फास्ट’ हेडफोन म्हणतात, तो बहुतेक वेळा या पट्ट्यात संयम असलेला हेडफोन असतो.

सगळं थोडं थोडं ऐकणाऱ्यांसाठी 64 ऑडिओचा यू12टी. बारा बॅलन्स्ड आर्मेचर, आणि कानात साठणारा दाब सोडणारी बदलण्याजोगी मॉड्यूल. एम 20 लावलं की बाहेरचा आवाज जास्त अडतो आणि बेस वाढतो. एम 15 लावलं की दोन्ही थोडं कमी. दिवसा लोकलमध्ये एम 20 आणि रात्री घरी ख्यालाला एम 15, हा वापर मला पटतो. बाजारात आला तेव्हा किंमत सुमारे 2000 डॉलर, ईआर-4 एसआरची 350. या फरकात गळ्याचा खरेपणा पाचपटीने वाढत नाही. वाढतो तो बेसचा आवाका, आराम आणि वाद्यांमधलं अंतर.

आणि टाळ! वारकरी भजनाची दोन मिनिटं प्रत्येक इन-इअरवर ऐका. टाळांचा जोर वरच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे तिथला टोकदार उंचवटा लगेच उघडा पडतो. त्याच्या जोडीला ‘चांदणं’मधला च आणि ‘सांज’मधला स ऐका. हे घर्षण 5 ते 9 हजार हर्ट्झमध्ये असतं. च कानाला टोचला, तर पंधरा मिनिटांनी डोकं दुखणारच.

पण तुलना करताना बहुतेक चुका हेडफोनच्या बाहेर होतात. पहिली चूक टिपची. सील, म्हणजे टिपने कान घट्ट बंद होणं, नीट बसलं नाही तर खालचा बेस गळून जातो आणि लाखाचा हेडफोनही पत्र्यासारखा वाजतो. 200 वरून 20 हर्ट्झपर्यंत उतरणारा स्वर लावा. मध्येच आवाज एकदम नाहीसा झाला तर टिप बदला. दोन कानांना दोन मापं लागणं अगदी सामान्य आहे. फोमची टिप चोळून बारीक करा, कानाचा वरचा भाग मागे ओढून आत घाला आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. फोम वरचा भाग थोडा शोषतो, म्हणून टोकदार हेडफोनला तो औषधासारखा लागू पडतो.

दुसरी चूक आवाजाच्या पातळीची. जो एक डेसिबल मोठा वाजतो, तो चांगला वाटतो. आवाज समान केल्याशिवाय दोन हेडफोनांबद्दल काहीही बोलू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

तिसरी चूक सहज लक्षात येत नाही. अनेक ड्रायव्हरच्या इन-इअरचा विद्युत् रोध वारंवारतेनुसार बदलतो. समजा तो कुठे 5 ओहम आहे आणि कुठे 15. ज्याचा स्वतःचा आउटपुट रोध 10 ओहम आहे अशा जुन्या अॅम्प्लिफायरला तो जोडला, तर या दोन जागांमध्ये सुमारे 5 डेसिबलचा फरक पडतो. फोनला लावायच्या 1 ओहमच्या छोट्या डॉंगलवर तो फक्त 1 डेसिबल राहतो. म्हणजे एकच हेडफोन दोन ठिकाणी दोन वेगळी वाद्यं होतो. कॅम्पफायरच्या अँड्रोमेडासारख्या अतिसंवेदनशील इन-इअरला तर अॅम्प्लिफायरची सळसळही ऐकू येते, आणि तंबोऱ्याच्या शांत आलापीत ती नको असते. यू12टी मध्ये हा रोध मुद्दाम समतल ठेवला आहे, त्यामुळे तो कशालाही जोडला तरी फारसा बदलत नाही.

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा: 83 ला 20 तास, 86 ला 10. लोकलच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवण्यापेक्षा सील सुधारा.

शेवटी देखभाल. एका कानाचा आवाज हळूहळू कमी झाला, तर बहुतेक वेळा हेडफोनच्या नळीच्या जाळीत मळ अडकलेला असतो. नळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती दर महिन्याला बदला. केबल हेडफोनला जिथे जुळते त्या बाजूच्या पिना किंवा एमएमसीएक्स ही गोल खटक्याची जोडणी, यांची उगाच काढघाल करू नका. ती सैल झाली की एक बाजू खरखरू लागते, आणि मग दोष केबलचा की ड्रायव्हरचा हे ठरवायला डावी केबल उजव्या बाजूला लावून पाहावी लागते. खरखर केबलबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर नवी केबल घेऊन काम भागतं.