आवळण्याआधी

अध्यक्ष महाराज, आणि मे महिन्यात कूलरसमोरची जागा सोडून इथवर आलेल्या मंडळींनो. पत्रिकेत विषय छापलाय, ‘घरच्या घरी मोटरसायकल : खडखडीचा शोध’. संयोजक जरा बिचकले होते. काल संतवाङ्मय झालं, उद्या अर्थसंकल्प आहे, आणि मधे हे नट-बोल्ट कुठे बसवायचे? मी म्हटलं, काल बाहेर उभ्या होत्या त्या गाड्या मोजा. संतवाङ्मयाला आलेली मंडळीही काही पुष्पक विमानानं आली नव्हती. (हशा)

मुद्दा आधीच सांगून टाकतो. केळीला पाणी भरायची लाइट आली म्हणून कुणाला मधूनच उठावं लागलं तर तो तरी घेऊन जा. नट ढिला सापडला की लगेच पाना लावायचा नाही. तो का सुटला ते आधी शोधायचं, आवळायचं शेवटी.

आपल्याकडे शिक्षण नेमकं उलटं. पोरगं पाना धरायला लागलं की मागून आवाज येतो, “आवय रे भो, अजून आवय!” पाना आखूड पडला तर त्यात पाइप घालतात. पाइपानेही भागलं नाही तर पाइपावर उभे राहतात. गाडी दुरुस्त होतेय की कुस्ती चाललीय, काही कळत नाही.

आमच्या आप्पांचं सांगतो. चोपड्याकडचे, नात्यानं माझे मेहुणे. दुधाचा धंदा. शंभर सीसीची गाडी आणि मागं दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची मागं लटकवल्यासारखंच, फक्त ती उतरून ढकलू लागत नाहीत. त्यांच्या सायलेन्सरचे पुढचे नट सारखे सुटायचे. इंजिनच्या हेडला सायलेन्सर जिथं बसतो तिथले, दोन स्टडवरचे. स्टड म्हणजे हेडमध्येच बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट. सुटले की तिथून फटफट आवाज, आणि हेडच्या तोंडाशी काजळी. आप्पा आवळायचे. आठवडा जायचा, पुन्हा फटफट. मग आणखी जोरानं. गावातल्या एका मेकॅनिकनं तर पाइप घालून असा काही आवळला की म्हणाला, “आता गाडी मोडीत जाईल, पण हा नट हलायचा नाही.” बरोबर बोलला. नट हलला नाहीच, स्टडच हेडमध्ये मोडला. (हशा)

पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. हेड खोललं, जळगावला लेथवर नेलं. तुटका स्टड ड्रिल करून काढला, नवे आटे पाडले. तोवर दूध शेजाऱ्याच्या गाडीवर, आणि शेजाऱ्याचं ऐकून घेणं वेगळं. एवढं होऊन गाडी परत आली, नवे स्टड, नवे नट. महिना गेला नाही तोच पुन्हा फटफट!

मी गेलो होतो भरीत खायला. लेवा वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, त्यामुळे वाकायची परिस्थिती नव्हती, तरी वाकलो. पुढं बघितलंच नाही, मागं बघितलं. सायलेन्सरचा मागचा कान फ्रेमला जिथं धरतो तिथं बोल्टच नव्हता. बोल्टाभोवती गादीसारखा बसतो तो रबरी बुशही नाही. भोकाची कड घासून चकचकीत झालेली, आणि तिच्याभोवती तांबूस भुकटी. ती भुकटी म्हणजे दोन लोखंडं एकमेकांवर घासताहेत याची सहीच. कॅनचं स्टँड बसवताना वेल्डरला तो बोल्ट आडवा आला, म्हणून त्यानं काढला आणि खिशात घातला. सगळा सायलेन्सर पुढच्या दोन स्टडांवर लोंबकळत होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांना हिसडे देत होता. लेथचा खर्च झाला, खरं काम एका बोल्टाचं आणि बुशाचं होतं. आप्पा त्या वेल्डरला अजून काही बोललेले नाहीत. तो त्यांचंच दूध घेतो.

पुढच्या रांगेत रेल्वेची मंडळी दिसताहेत. भुसावळकरांना हे नवीन नाही. पूर्वी गाडी फलाटावर थांबली की एक माणूस हातोडीनं चाकं ठोकत जायचा आणि आवाजावरून ओळखायचा. तो पाना घेऊन धावत नव्हता. सुरत-नागपूर रस्त्याची नुसती कामंच चालू होती तेव्हा... चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अहो, विषय तर आता सुरू होतोय! बरं, भरभर.

आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो ताणच दोन भागांना दाबून धरतो. बाजेच्या सुतळीसारखं. जोड आडवा सरकायला लागला की नट हळूहळू स्वतःच फिरून सुटतो. हे १९६९ साली युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं यंत्रावर दाखवून दिलं. त्याच कसोटीवर आपली लाडकी स्प्रिंग वायसर फारशी टिकत नाही. म्हणून हलणं थांबवा, म्हणजे तुटका बुश, मोठं झालेलं भोक, नसलेला बोल्ट शोधा.

शोधायचं कसं? चालत्या गाडीत क्लच दाबून रेस सोडा. खडखड इंजिनबरोबर मंदावली तर इंजिन, त्याचे माउंटिंग, सायलेन्सर बघा. चाकाच्या वेगाबरोबर राहिली तर चेन, स्प्रॉकेट, चाक. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलवा, टक् वाजलं तर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं. मागचं चाक मेन स्टँडवर आडवं हलवा. खेळ दिसला तर बेअरिंग नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा बुश.

आवळताना आटे साफ करा. पान्याच्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो दहा टक्के. त्यामुळे गंजक्या आट्यावर हाताला घट्ट लागलं तरी बोल्ट ताणलेला नसतो. उलट तेल लावून तेवढाच जोर दिला तर तो जास्त ताणला जातो. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात, आठच्याला बावीस-पंचवीस. हे पान्याच्या पिळाचं माप. पाइप नको! गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. निळं लॉक्टाइट, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, चालेल, पण सायलेन्सरला नको, उष्णतेनं ते सुटतं. नायलॉनचा नटही तिथं नको, तिथं पूर्ण धातूचाच लॉकनट. एक्सलचा नट अडवणारी स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घाला. आणि आवळून झालं की नट आणि बॉडीवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की समजा, फिरला.

प्रश्न? एकच घेतो. हो, दादा, मागचे. उजवा आरसा आवळला की सुटतो? गाडी यामाहा का? मग बघा, बऱ्याच यामाहांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तुम्ही इतके दिवस तो आवळत नाही, काढत होतात. (हशा) डावीकडे फिरवा, बसेल.