लिंबूटिंबू

(दृश्य : चौथीचा वर्ग. मुलं हाताआड चिठ्ठी झाकून लिहितायत.)

मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळायला आवडेल? तीन नावं लिहा. बाई चिठ्ठ्या गोळा करतात, घरी नेऊन बघतात. वर्गात वाचून दाखवत नाहीत, दाखवूही नयेत. काही नावं पुन्हा पुन्हा येतात. एखादं नाव मात्र एकाही चिठ्ठीत नसतं.

बी.एड.च्या अभ्यासक्रमातली ही समाजमिती, म्हणजे गटातली नाती मोजायची पद्धत. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४च्या आपल्या पुस्तकात ती मांडली. नाव न आलेलं मूल वर्गाला नकोसं असतंच असं नाही. ते लक्षातच आलेलं नसतं. खोडकर पोराकडे बाईंचं लक्ष जातंच. गप्प बसणाऱ्याला ‘गुणी’ म्हणून आपण मोकळे होतो.

(दृश्य : मैदान. लगोरीचा डाव.)

मग हमखास होणारा उपाय : “हिलाही घ्या गं खेळायला!” घेतात की. लिंबूटिंबू म्हणून. तिच्यावर राज्य येत नाही, ती बाद झाली तरी कुणी मोजत नाही. खेळात असून नसल्यासारखी.

शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर यांनी अमेरिकेत तिसरी-चौथीतल्या अशा मागे पडलेल्या मुलांवर केलेला अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसतं जोडीदाराबरोबर खेळायला बसवलं. काहींशी मात्र खेळाआधी मोठ्या माणसाने बोलून घेतलं : दुसऱ्याला पाळी द्यायची, त्याचं ऐकायचं, हसून दाद द्यायची. खेळ झाल्यावर पुन्हा विचारलं, काय जमलं? नुसत्या जोड्यांनी फारसं काही साधलं नाही. बोलून तयार केलेल्या मुलांना मात्र खेळासाठी वर्गातून जास्त पसंती मिळाली, वर्षभरानंतरही. अभ्यासाला सोबती म्हणून पसंती तशी वाढली नाही, हेही सांगायला हवं.

(दृश्य : बीड जिल्हा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, वर बसलेली पोरं.)

इथे प्रश्न आणखी अवघड. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला निघतात, मूलही जातं. गावाकडेच हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्यांची संगत टिकते. बाकीची उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा बाकावर दुसरं कुणी बसलेलं असतं, खेळातले गडी ठरून गेलेले असतात.

अशा मुलाला परिपाठात उभं करून “सांग तिकडच्या गमती” म्हणणं टाळावं. त्यापेक्षा पोषण आहाराची ताटं वाटायला त्याला आणि वर्गातल्या एकाला मिळून धाडावं. आणि जाण्याआधी परतलेल्या मुलाच्या कानात सांगावं, “त्याला विचार, लगोरीत तुमच्याकडे एक गडी कमी आहे का?”